शांतता समितीची बैठक सण आला की मगच का होते?

यंत्रमाग (धागाकर्ता)

गणपती, ईद, शिवजयंती असा कुठलाही मोठा सण तोंडावर आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागते. मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त, माजी नगरसेवक, स्थानिक पत्रकार अशी ठरलेली मंडळी जमतात. साहेब सूचना देतात: डॉल्बी नको, मिरवणुकीचा मार्ग बदलायचा नाही, आक्षेपार्ह पोस्ट टाकली तर गुन्हा दाखल होईल. चहा होतो, फोटो निघतो आणि पुढची बैठक थेट पुढच्या सणाला.

मी भिवंडीचा आहे. धर्माधर्मांतल्या संबंधांसाठी सरकारने नेमकं काय करावं यावर वाद निघाला की मला आमच्याच गावाचं उदाहरण आठवतं, आणि ते आता विसरलं जातंय म्हणून हा धागा.

मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडी पेटली. पाठोपाठ जळगाव आणि महाडमध्येही दंगल झाली आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच झालं, आणि त्या वेळी आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. त्यानंतर आमच्या गावाचं नाव सांगितलं की समोरचा आधी दंगलीबद्दल विचारायचा आणि मग मागाबद्दल.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी आधीच्या दंगली कशा घडल्या याचा अभ्यास केला आणि वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समितीत निम्मे हिंदू, निम्मे मुसलमान. पुढारी आणि दादा लोकांना बाजूला ठेवून रोजच्या जगण्यातली माणसं घेतली: दुकानदार, शिक्षक, माग चालवणारे कामगार. बैठकीचं यजमानपण त्या भागाच्या पोलिसाकडे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या बैठका सण नसतानाही व्हायच्या. विषय काय, तर तुंबलेलं गटार, नळाचं पाणी, शेजाऱ्यांची भांडणं, पोरांची छेडछाड. असल्या किरकोळ विषयांवर बोलता बोलता हवालदाराला मोहल्ला कळला आणि मोहल्ल्याला हवालदार नावानिशी कळला.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली. मुंबईपासून तासा-दीड तासावर असलेली, दोन मोठ्या दंगलींचा इतिहास पाठीशी असलेली भिवंडी मात्र त्या वेळी पेटली नाही. तोवर खोपडेंची बदली झाली होती, पण नंतर आलेल्या अधिकाऱ्यांनी समित्या मोडल्या नाहीत. अफवा आली की कुणाला विचारायचं हे लोकांना ठाऊक होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कौमी एकता सप्ताह, सद्भावना दिनाची शपथ, पुरस्कार यांना माझा विरोध नाही. पण सरकारचा पैसा आणि वेळ सर्वात जास्त कुठे कामी येतो, तर शांततेच्या काळात नेमाने भरणाऱ्या बैठकीत, आणि त्या बैठकीला योग्य माणसं आहेत की नाही हे पाहण्यात. तुमच्या गावात अशी बैठक होते का? कोण बोलावतं, कोण जातं? सविस्तर लिहा.

लेझीम

चांगला धागा. कोल्हापूरचा आहे, पंधरा-वीस वर्षं मंडळात काम करतोय.

आमच्याकडं असल्या गोष्टींची सुरुवात संस्थानाच्या काळातच झालीय. १९०६ साली शाहू महाराजांनी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि स्वतः तिचं अध्यक्षपद घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच उभं राहिलं. राज्याच्या प्रमुखानं जागा दिली, पैसा दिला आणि वर स्वतःचं नाव लावलं. मुसलमान पोरांनी शिकावं ही माझी जबाबदारी आहे, हे त्यांनी कृतीतून सांगितलं. सरकारचं पाठबळ म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी दसरा चौकाकडं बोट दाखवतो.

शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो. तिकडं सांगली जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत बघा, मोहरमला हिंदू मानकऱ्यांशिवाय ते हलत नाहीत. यातलं काहीच सरकारनं सुरू केलेलं नाही. तरीपण ७ जून २०२३ ला कोल्हापुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मोबाइलवरच्या स्टेटसवरनं शहर बंद पडलं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. म्हणजे परंपरा आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत असं समजून चालत नाही. त्या दिवशी रस्त्यावर आलेली पोरं विशीच्या आतबाहेरची होती. शांतता समितीत मी त्या वयाचा एकही पोरगा कधी बघितलेला नाही.

प्रश्नार्थक

यंत्रमाग, तळमळ पोचली, पण माझा मूलभूत आक्षेप आहे. सरकारने धर्माच्या भानगडीत पडूच नये. राज्यघटनेचं कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. आपण मात्र वर्षानुवर्षं हज अनुदान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं आणि २०१८ मध्ये ते बंद झालं. दुसरीकडे कुंभमेळ्यावरही सरकार खर्च करतं. एकदा पैसा वाटायला सुरुवात झाली की कोणाला जास्त, कोणाला कमी यावरूनच तेढ वाढते.

दुसरं, सरकारला संवाद साधायचा असतो तेव्हा ते 'समाजाचा प्रतिनिधी' शोधतं. तो प्रतिनिधी कोण ठरवतं? बहुतेक वेळा ज्याच्या मागे गर्दी आहे, तोच. अशाने सरकारच त्याला मोठा करतं. माझ्या शेजारच्या मुस्लिम कुटुंबाला आपला प्रतिनिधी म्हणून कोण बैठकीला जातो हे माहीतही नसतं. कायदा सगळ्यांना सारखा लावा, गुन्हा करेल त्याला शिक्षा द्या, बास. सलोखा लोक आपापला सांभाळतील.

यंत्रमाग

@प्रश्नार्थक, तुमचा दुसरा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, आणि भिवंडीच्या समित्यांमध्ये पुढाऱ्यांना बाहेर ठेवण्याचं कारणही तेच होतं.

पहिल्या मुद्द्याबद्दल: कलम २७ चा रोख विशिष्ट धर्माच्या संवर्धनावर आहे. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलावं यासाठी हवालदाराने खुर्च्या मांडणं हे कुठल्या धर्माचं संवर्धन? मोहल्ला समितीचा खर्च म्हणजे चहा आणि पोलिसाचा वेळ. याउलट एक दंगल झाली की राखीव दलाच्या तुकड्या, संचारबंदी, नुकसानभरपाई, चौकशी आयोग आणि वर्षानुवर्षं चालणारे खटले, हा सगळा खर्च आपल्याच करातून होतो.

आणि कायदा सारखा लावायचा असेल तर लावणाऱ्यावर लोकांचा विश्वास हवा. मुंबईच्या दंगलींवरच्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. ज्याला ठाण्याची पायरी चढायचीच भीती वाटते त्याला 'कायदा समान आहे' हे वाक्य पोकळ वाटतं.

जुना_बीट

पोलीस खात्यातून निवृत्त. बहुतेक नोकरी ग्रामीण आणि निमशहरी ठाण्यांत. या विषयावर लिहायला हात शिवशिवतोय.

बाहेरून लोकांना वाटतं की दंगल अचानक होते. तसं नसतं. बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या भागात, रोज फिरणाऱ्या अंमलदाराला आठ-दहा दिवस आधी वास येतो. एखाद्या कट्ट्यावर पोरं जास्त वेळ बसायला लागतात. दोन समाजांतल्या मुलामुलीचं प्रकरण असतं. जागेचा जुना वाद कुणीतरी उकरून काढतं. पण हे कळायला अंमलदार त्या गल्लीत पायी फिरला पाहिजे, चार घरांत त्याला पाणी विचारलं गेलं पाहिजे. आता त्याला बंदोबस्त, व्हीआयपी दौरा, समन्स-वॉरंट आणि संगणकावरच्या नोंदी यांतून वेळ मिळत नाही. बीट कागदावर असतं.

शांतता समितीची यादीही तशीच कागदावर चालत आलेली असते. नवीन पीआय (पोलीस निरीक्षक) येतो, गोपनीय शाखेच्या कर्मचाऱ्याकडून जुनी यादी घेतो, त्याच लोकांना फोन करतो. यादीतले काही वारलेले असतात, काही गाव सोडून गेलेले असतात. त्याचा दोष नाही. दोन वर्षांत त्याची बदली होणार, त्याला वरून विचारलं जातं ते बैठक झाली का एवढंच. बैठकीतून काय निघालं हे मला माझ्या नोकरीत कुणी वरिष्ठाने क्वचितच विचारलं असेल.

चांगलं झालेलंही सांगतो. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले. एकाच रस्त्यावर विसर्जनाची मिरवणूक आणि जुलूस म्हणजे आमच्या लोकांची झोप उडते. पण ठिकठिकाणच्या मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचा निर्णय घेतला आणि सरकारने २९ तारखेची सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये मुंबईत १६ सप्टेंबरची सुट्टी १८ ला नेली. २०२५ मध्ये ५ सप्टेंबरची ८ ला. समाजाने एक पाऊल पुढे टाकलं आणि शासनाने त्याला परिपत्रकाने मान दिला. पैशाचं अनुदान नाही, भाषण नाही. असं होतं तेव्हा बंदोबस्तावरच्या शिपायालाही बळ येतं, कारण त्याला माहीत असतं की आज दोन्हीकडचे लोक आपल्या बाजूने आहेत.

२०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एका दिवशी आली होती. तेव्हाही कितीतरी गावांत त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं मुसलमानांनी स्वतःहून ठरवलं. हे निर्णय ठाण्यातल्या बैठकीत घेतले जात नाहीत. ते आधीच गावात झालेले असतात. ठाण्याचं काम म्हणजे त्यांची दखल घेणं आणि दुसऱ्या बाजूनेही तसंच पाऊल पडेल हे पाहणं. हा शेवटचा भाग मात्र राहून जातो.

सोलापुरी_चादर

जुना बीट काका, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं, कारण हे बोलायला आम्हाला संकोच वाटतो. जुलूस पुढे ढकलला, कुर्बानी पुढे ढकलली, याचं कौतुक होतं आणि ते आम्हाला आवडतंही. पण दर वेळी आम्हीच परीक्षेला बसलोय आणि निकाल दुसरे लावणार आहेत, असं वाटू नये एवढंच.

मी मुस्लिम आहे, शाळेत शिकवते. धाग्यात अजून न आलेली बाजू मांडते. शांतता समितीत बाई दिसते का? महिला दक्षता समितीतून एखादी ताई बोलावतात आणि ती कोपऱ्यात बसते. घरातला मुलगा रात्री कुठे जातो, त्याच्या मोबाइलवर काय येतं, हे आईला बापाच्या आधी कळतं. शेजारच्या हिंदू घरात अडीअडचणीला साखर-तेल मागायला आम्हीच जातो, बाळंतपणाला आम्हीच जातो. सलोख्याचं रोजचं काम बायका करतात आणि बैठकीला पुरुष जातात.

दुसरं, सामावून घेण्याबद्दल. राज्यात अल्पसंख्याक विकास विभाग २००८ पासून स्वतंत्र आहे. त्याची एक योजना मला मनापासून आवडते: अल्पसंख्याक उमेदवारांसाठी पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण. माझ्या एका विद्यार्थ्याने ते घेतलं. तो भरती झाला की नाही यापेक्षा मला हे मोठं वाटलं की वर्दी आपल्याही अंगावर येऊ शकते असं त्याच्या गल्लीतल्या पोरांना वाटायला लागलं. याउलट २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद केली आणि मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरतीच ठेवली. पहिली ते आठवी शिक्षण मोफत आहे हे कारण दिलं गेलं. पण वही, गणवेश, रिक्षा यांचा खर्च मोफत नसतो. माझ्या वर्गातल्या विडी कामगारांच्या मुलींना ती छोटी रक्कम कामी यायची. सलोखा सप्ताह साजरा करायचा आणि मुलीची शिष्यवृत्ती थांबवायची, हे दोन्ही एकत्र चालत नाही असं मला वाटतं.

ताकभात

फक्त वाचतोय. सोलापुरी_चादर ताई, बायकांबद्दलच्या मुद्द्याला +१००.

थेम्सकाठ

इंग्लंडमध्ये राहते. इथला अनुभव या धाग्याला जोडूनच आहे.

इथे इंटर फेथ नेटवर्क नावाची संस्था १९८७ पासून होती. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, बहाई अशा सगळ्यांच्या राष्ट्रीय संस्था आणि गावोगावचे गट तिच्याशी जोडलेले. सरकार तिला बरीच वर्षं निधी देत होतं. एका मुस्लिम संघटनेशी सरकारने संबंध न ठेवण्याचं धोरण घेतलं होतं आणि त्या संघटनेशी संबंधित व्यक्ती नेटवर्कची विश्वस्त झाली. हे कारण देऊन निधी काढून घेतला आणि २०२४ च्या वसंतात संस्था बंद पडली. त्याच वर्षी जुलैअखेर साउथपोर्टमध्ये लहान मुलींची हत्या झाली. हल्लेखोर मुस्लिम निर्वासित असल्याची खोटी बातमी पसरली आणि ठिकठिकाणी मशिदींवर, निर्वासितांच्या हॉटेलांवर हल्ले झाले. संस्था असती तर दंगली टळल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पण सदतीस वर्षांत जमवलेल्या ओळखी गरजेच्या वेळी जागेवर नव्हत्या.

प्रश्नार्थक यांनी 'प्रतिनिधी कोण' हा प्रश्न विचारला, तोच इथेही कळीचा ठरला. माझा निष्कर्ष वेगळा आहे: ज्यांच्याशी मतभेद आहेत त्यांनाच टेबलावर ठेवायची सोय म्हणून अशा संस्था असतात.

इथली एक गोष्ट मात्र टिकली आहे, कारण ती कायद्यात आहे. प्रत्येक स्थानिक कौन्सिलला धर्मशिक्षणासाठी एक सल्लागार मंडळ ठेवावंच लागतं. त्यात वेगवेगळ्या धर्मांचे लोक, शिक्षक आणि नगरसेवक बसतात. शाळेत मुलांना दुसऱ्यांच्या धर्माबद्दल काय शिकवायचं यावर तिथे चर्चा होते. कंटाळवाणं काम आहे, बातमीत कधी येत नाही. पण मंत्री बदलला म्हणून ते बंद होत नाही.

प्रश्नार्थक

थेम्सकाठ, म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. सरकारी पैशावर उभी राहिलेली संस्था सरकारच्या मर्जीवर पडते.

आणि यंत्रमाग, भिवंडीचं चित्र तुम्ही १९९३ वर थांबवलंत. जुलै २००६ चं काय? जमाव पोलिसांवर धावून गेला आणि दोन पोलिसांचा जीव गेला. समित्या होत्या ना?

यंत्रमाग

२००६ वर लिहायलाच हवं. आमच्या गावाला लागलेला तो डाग आहे.

कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधायचं ठरलं. जागा कोणाची यावर वाद होता. ५ जुलैला विरोध करायला जमाव जमला, गोळीबार झाला, त्यात दोघे मेले. त्या रात्री दोन पोलिसांना जमावाने ठार मारलं. ड्युटी करणारी दोन माणसं, त्यांची घरं उजाड झाली. याचं समर्थन कुठल्याही शब्दांत होऊ शकत नाही.

पण भांडण कुणामध्ये होतं ते बघा. हिंदू वस्ती आणि मुस्लिम वस्ती एकमेकांवर धावून गेली नाही. तुटलं ते पोलीस आणि मोहल्ला यांच्यातलं नातं, म्हणजे ज्या धाग्यावर समित्या विणल्या होत्या नेमका तोच. तोवर समित्यांच्या बैठकांतला जुना जोम उरला नव्हता. एवढा नाजूक जागेचा प्रश्न जर महिनोनमहिने मोहल्ल्याच्या बैठकीत चघळला गेला असता, दोन्ही बाजूंचे कागद सगळ्यांसमोर ठेवले गेले असते, तर काय झालं असतं याचा मी आजही विचार करतो. म्हणून माझ्या मते २००६ हे समित्यांच्या विरोधातलं उदाहरण नाही. त्या ढिल्या पडल्या की काय होतं, याचं ते उदाहरण आहे.

सरकारी मर्जीचा तुमचा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय थेम्सकाठ ताईंनीच सांगितलाय: कायद्यात किंवा निदान शासन निर्णयात पक्की जागा. मुंबईत १९९३ नंतर ज्या मोहल्ला समित्या निघाल्या त्यांनी दुसरा मार्ग घेतला. तिथे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्यासारखे अधिकारी होते, तसेच निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारखे बाहेरचे लोकही होते आणि पुढे स्वतंत्र ट्रस्ट झाला. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांच्यात क्रिकेटचे सामने त्यातूनच सुरू झाले. अधिकारी बदलला तरी ट्रस्ट राहतो.

ऑर्चर्ड_रोड

सिंगापूरहून. आमच्याकडे सरकार फार पुढे जाऊन हात घालतं. १९८९ पासून सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत आणि वसाहतीत चिनी, मलय, भारतीय-इतर यांचं प्रमाण ठरलेलं आहे. बहुसंख्य लोक याच घरांत राहतात, त्यामुळे संपूर्ण मलय किंवा संपूर्ण चिनी गल्ली तयारच होत नाही. माझ्या मजल्यावर रमजान, दिवाळी आणि चिनी नववर्ष तिन्हीचे डबे फिरतात. याची झळही बसते. कोटा भरला असेल तर भारतीय माणसाला घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नाही आणि कमी किंमत घ्यावी लागते. म्हणून २०२२ पासून अशा अडलेल्या मालकांचं घर गृहनिर्माण मंडळाने विकत घ्यायची सोय केली.

हे भारतात जसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही. पण पुण्या-मुंबईत आडनाव ऐकून घर नाकारलं जातं, हे इथे सांगितलं तर मलय शेजाऱ्यांना खरं वाटत नाही.

सोलापुरी_चादर

@ऑर्चर्ड_रोड, माझ्या भावाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा फोनवर सगळं ठरायचं आणि नाव सांगितलं की 'घर आत्ताच गेलं' असं उत्तर यायचं. शेवटी ऑफिसातल्या एका मराठे मित्राने स्वतः मालकाशी बोलून घर मिळवून दिलं. मित्र भेटला म्हणून भागलं. ज्याला असा मित्र नाही त्याने कुठे जायचं? मोहल्ला समिती असेल तर हा विषय तिथे यायला हवा, आणि सोसायटीच्या सचिवालाही त्या बैठकीला बोलवायला हवं.

लेझीम

ताई, हे वाचून वाईट वाटलं. मंडळात मी हा विषय काढणार आहे.

जुना बीट काका, एक विचारतो. आमच्या ठाण्याच्या हद्दीत महिन्याची बैठक सुरू करायची असेल तर नक्की काय करायचं? साहेबांना भेटलं तर 'बघू' म्हणतील.

जुना_बीट

तोंडी भेटू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज पीआयच्या नावाने, प्रत उपविभागीय अधिकाऱ्याला (तुमच्या शहरात डीवायएसपी). अर्जावर दोन्ही समाजांच्या सह्या हव्यात, आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या मुद्दाम कमी ठेवा. रिक्षावाला, शिक्षिका, मेडिकलवाला, नर्स, कॉलेजची पोरं अशी नावं द्या. निम्म्या बायका. बैठकीचा वार आणि वेळ तुम्हीच सुचवा; महिन्याचा दुसरा शनिवार चालतो, कारण नोकरदार येतात. जागा ठाण्यात नको, शाळेत घ्या. ठाण्यात बोलावलं की निम्मे लोक गप्प बसतात.

पहिल्या तीन-चार बैठकांत धर्माचा विषय काढूच नका. दिवे, कचरा, पार्किंग, मोकाट कुत्री. बीट अंमलदाराला बोलतं करा. झालेल्या कामाची नोंद वहीत ठेवा आणि नवीन साहेब आला की पहिल्या आठवड्यात ती वही त्याच्या टेबलावर ठेवा. बदली होऊन आलेल्या माणसाला आयती घडी मिळाली तर तो सहसा मोडत नाही.

प्रश्नार्थक

सरकारने अनुदान देऊ नये हे माझं मत कायम आहे. पण या अर्जाला अनुदान लागत नाही. मी नाशिकला राहतो. मसुदा इथेच टाका, मी सही करीन आणि माझ्या शेजाऱ्यांनाही दाखवीन.

सोलापुरी_चादर

मसुदा मी लिहिते, सोमवारपर्यंत टाकते. काका, तुम्ही एकदा नजरेखालून घाला. लेझीम दादा, तुमच्या मंडळातल्या वीस-बावीस वर्षांच्या दोन पोरांना आत्ताच विचारून ठेवा, त्यांची नावं यादीत पहिली घालू.